शंभर मीटरच्या आतली गाय

"या खेपेला खुर्ची आपली. वस्तीतला पयला माणूस बुथाच्या आत बसणार, आन् तो म्हंजी मी."

झुंबर हे बाभळेवाडीच्या पारावर बोलला तवा समद्यांनी माना डोलावल्या, पण सरकून बसायला जागा काय कुणी दिली नाय. बाभळेवाडी म्हंजी सायखेड्याच्या पलीकडं, गोदेच्या काठाला गोचिडागत चिकटलेलं गाव. साल सत्त्याहत्तर, मार्च महिना. आणीबाणी ढिली झाली व्हती आन् इतके दिवस तोंडात गुळणी धरून बसलेले लोक अशे बोलत सुटले व्हते, जसं काय बोलणं रेशनवर आलंय आन् उद्या संपणार हाय.

आता तुमी म्हणाल, खुर्चीचं एवढं काय. तर इलेक्शनच्या दिवशी शाळेत बूथ लागतो. प्रत्येक उमेदवाराचा एक माणूस आत बसतो, त्याला एजंट म्हणत्यात. मत टाकायला आलेला माणूस खरा का बनावट, ते वळखायचं त्याचं काम. छातीला बिल्ला, बुडाखाली खुर्ची, वरून चहा. बाभळेवाडीत ही खुर्ची पयल्यापासून गावठाणातल्या सावळीराम दुकानदाराच्या घरची. आदी त्याचा बाप बसायचा, मंग तो बसायला लागला. झुंबरची बौद्धवस्ती मात्र कायम बाहेर, उन्हातल्या रांगेत. झुंबरच्या बापानं मरेस्तोवर मत टाकलं, पण ती खुर्ची त्यानं कधी हात लावून बघितली नाय.

आन् नाशिकच्या खासदारकीचं म्हणाल तर आमच्याकडची रीतच न्यारी. एकदा दिल्लीला धाडलेला माणूस लोक दुसऱ्या खेपेला वळखत नाय. तोबी आपल्याला वळखत नसतो, तवा फिटंफाट.

एकाहत्तरला सावळीरामच्या पक्षाची गाय-वासराची निशाणी नवीकोरी निघाली. त्याच्या आदी बैलजोडी व्हती. बैल गेले, गाय आली, म्हाताऱ्या माणसांना उमजंना शिक्का कुठं मारायचा. तवा सावळीरामनं डोकं लढवलं. म्हणला, निशाणीच जित्ती फिरवू. गावात ताजी व्यालेली गाय एकच, झुंबरची चांदी. तिच्या शिंगांना फुगे बांधले, वासराच्या गळ्यात घुंगरू, पुढं ताशा, आन् दावं धरायला झुंबर. सायखेड्याच्या बाजारातून अशी वरात काढली का लोक भाजी तोलायची थांबले. वेशीपाशी सावळीरामच्या गळ्यातला झेंडूचा हार चांदीनं सावळीरामसकट ओढला आन् निम्मा खाऊन टाकला. लोक म्हणले, शकुन झाला. आन् झालाबी. गाय-वासरू निवडून आलं.

सावळीरामनं तवा वस्तीला हातपंपाचा शब्द दिला व्हता. चांदी म्हातारी होऊन मेली, त्या वरातीतलं वासरू मोठं झालं, त्याची पवळी गाय झाली, तरी पंप काय उगवला नाय. झुंबर पंपाचं इचारायला गेला का सावळीराम म्हणायचा, "दिल्ली लांब हाय, झुंबर." शेवटी झुंबर फिरला. सरळ सायखेड्याला गेला आन् देवरामअण्णापुढं उभा राहिला.

देवरामअण्णा म्हंजी दुसऱ्या बाजूचा तालेवार माणूस. जीपवाला. दुसऱ्या बाजूची निशाणी काय व्हती ते मला इचारू नका, ती दर इलेक्शनला बदलायची, झुंबरलाच पाठ करताना घाम फुटायचा.

"तुला एजंट करू म्हणतोस," अण्णा म्हणला, "पण गड्या, तुझी गाय त्यांची हाय."

"गाय त्यांची असंल अण्णा, मी तुमचा."

"त्या वरातीत दावं कुणी धरलं व्हतं?"

"दावं गायीला व्हतं. मला नव्हतं."

अण्णा हसला. बिल्ला देतो म्हणला. पण दोन गोष्टी बजावल्या. एक, दिवसभर खुर्ची सोडायची नाय, खुर्ची सोडली म्हंजी मतं सोडली. आन् दुसरी, "त्या दिवशी तुझी गाय कुणाच्या नजरंला पडता कामा नये. आदीच लोक म्हणत्यात, झुंबर आतून त्यांचाच हाय."

आता गंमत बघा. झुंबरचा गोठा शाळेच्या कुडाला लागून. आन् पवळी गाभण. पोट असं, जसं काय आत एक वासरू आन् वर त्याचं सामानसुमान.

घरी आल्या आल्या झुंबरनं बायकोला सांगितलं, "सुले, इलेक्शनच्या दिवशी गाय तुझ्या भावाकडं नेऊन बांध."

सुलाबाई कडबा तोडीत व्हती. तिनं मान वर केली नाय. "कास बघितली का तिची? आज-उद्यावर आलीय. अशी चालवत नेली तर वाटंतच व्यायील."

"आजून पंधरा दिस हायेत."

"कुणी सांगितलं?"

"मी सांगतो. इलेक्शनची तारीख सरकारनं ठरवली, गायीची मी ठरवली."

सुलाबाईनं पवळीकडं बघितलं, पवळीनं सुलाबाईकडं बघितलं. दोघींनी हा इशय तिथंच सोडला.

इलेक्शनच्या दिवशी झुंबर पहाटं न्हाला. लग्नातलं धोतर काढलं. गोठ्याच्या तोंडाला गोणपाटं शिवून पडदा लावला, गायीला पेंड घातली आन् तिला हात जोडून म्हणला, "बाई, आजचा दिस सांभाळ." गायीबियीला तो कधी पूजत नव्हता, बाबासायेबांचा माणूस तो. पण गरज पडल्यावर इनंती करायला काय जातं.

शाळेत गेला. बुथाचे साहेब नाशिकच्या कुठल्याशा कचेरीतले. चष्मा नाकावर, डबा रुमालात, आन् एकेक नियम असा सांगायचे, जशे काय तांदळातले खडे वेचत्यात.

"बसा झुंबरराव," साहेब म्हणले.

झुंबरराव! झुंबरच्या आईनंबी त्याला कधी राव लावला नव्हता. तो बसला. खुर्ची मास्तरांची, एक पाय आखूड, जरा हललं का टक्क करायची. पण बाहेर रांगेतनं वस्तीतली माणसं आत डोकावून बघायला लागली आन् झुंबरची छाती बिल्ल्यासकट पुढं आली. समोरच्या खुर्चीत सावळीराम सुपारी कातरत व्हता.

"ऐका," साहेब म्हणले. "इथून शंभर मीटरच्या आत कुठल्याही पक्षाची निशाणी, झेंडा, चित्र चालणार नाही. हवालदारांनी रेघ मारली आहे."

काळू हवालदारानं मारली व्हती खरी. चुन्याच्या फक्कीनं, शाळेच्या भवतीनं, कुस्तीच्या फडागत. झुंबरचा गोठा रेघंच्या आत, चांगला मधोमध.

उन्हं चढायच्या आदी पयला हंबरडा आला.

खुर्ची टक्क झाली.

"कसला आवाज?" साहेब म्हणले.

"गाय हाय, साहेब. आमचीच. तिला सवय हाय बोलायची."

सावळीरामनं अडकित्ता थांबवला. "साहेब, ही गाय मागच्या इलेक्शनात वासरू व्हती. आमच्याच वरातीत."

"आत्ता वासरू आहे का तिच्याजवळ?"

"सध्यातरी नाय," सावळीराम म्हणला आन् परत सुपारी कातरायला लागला.

साहेबांनी इचार केला. "मग हरकत नाही. एकटी गाय ही फक्त गाय असते."

झुंबरनं श्वास सोडला. पण पवळीनं नाय सोडला. दुसरा हंबरडा, तिसरा हंबरडा. प्रत्येक हंबरड्याला इकडं खुर्ची टक्क. खिडकीत सुलाबाईचं तोंड दिसलं. तिनं पदर कमरेला खोचला व्हता. तिनं नुसती मान हलवली, आन् झुंबरला समदं कळलं. सरकारची तारीख आन् गायीची तारीख एकच निघाली व्हती.

जायचं तर खुर्ची सुटती. बसायचं तर जीव तिकडं. एरवी गाय व्यायली का झुंबर रातभर तिच्या उशाला बसायचा. आता तो धोतराचा सोगा मुठीत धरून बसला, आन् एक माणूस मत टाकायला आला तर त्याच्या तोंडाकडं बघायचं सोडून त्याला म्हणला, "पाय आदी दिसत्यात का डोकं?"

"कुणाचे?" तो माणूस म्हणला.

मंग हंबरडे थांबले. बाहेर गलका झाला. बायकांची रांग अशी हलली, जशी वाऱ्यानं ज्वारी हलती, आन् बघता बघता समदीच्या समदी रांग बुथावरनं मोडून गोठ्याला लागली. कुणी घरनं हळदकुंकू आणलं, कुणी गुळाचा खडा आणला. सुलाबाईनं गोणपाट वर केलं, कारण बाईमाणूस दारात आल्यावर पडदा धरून ठेवणं तिच्या रीतीत बसत नव्हतं. एकेक बाई आत जायची, पवळीला कुंकू लावायची, वासराच्या कपाळाला लावायची, आन् तशीच बुथात यायची.

पयली आली बयाबाई. गावातली समद्यात म्हातारी. अंगठ्याला कुंकू तसंच.

"झालं बाबा दर्शन," ती साहेबांना म्हणली. "गाय-वासरू लय गोजिरं हाय. आता शिक्का कुठं मारायचा तेवढं दाखव."

साहेबांचा चष्मा नाकावरनं खाली आला. "आजी, ते सांगता येत नाही."

"नगं सांगू. मी बघून आलेय."

सावळीरामनं हात वर केले. "आमी काय बी केलेलं नाय. आमी हितंच बसलोय."

दारातनं वस्तीतली माणसं झुंबरकडं बघत व्हती. त्यांची नजर आता खुर्ची बघायची नजर नव्हती. ती निराळी नजर व्हती. कुणीतरी हळूच म्हणलं, "आतून त्यांचाच निघाला का काय?" झुंबरच्या कानात शिसं वतल्यागत झालं. तो उठून उभा राहिला.

"साहेब, माझी तक्रार हाय. शंभर मीटरच्या आत निशाणी हाय."

"तक्रार कुणाविरुद्ध?"

"गायीविरुद्ध."

"गाय कुणाची?"

झुंबरनं आवंढा गिळला. "माझीच."

साहेबांनी त्याच्याकडं बघितलं, सावळीरामकडं बघितलं, मंग छताकडं बघितलं. नोकरीत येवढी सालं गेली पण असा पेच कुणी घातला नव्हता. घोटभर पाणी पिऊन ते म्हणले, "असं बघा. गाय एकटी, हरकत नाही. वासरू एकटं, त्यालाही हरकत नाही. दोन्ही एकत्र असले की तो प्रचार होतो. तेव्हा दोघांना वेगळं करा. हवालदार, ते वासरू रेघेबाहेर न्या."

"नुकतं जन्मलंय, साहेब," झुंबर म्हणला.

"कायद्याला वयाची अट नाही."

काळू हवालदार गेला गोठ्यात. सुलाबाई आडवी आली. "वासराला हात लावायचा नाय. आदी चीक पिऊ द्या. पयला चीक पोटात गेला नाय तर ते जगंल का?"

"साहेबाचा हुकूम हाय, बाई."

"साहेबाला सांग, येऊन पी म्हणावं तूच."

पण हुकूम तो हुकूम. काळूनं वासरू उचललं. ओलं, गिळगिळीत, पाय लोंबतायत, आन् खाकी वर्दीवर समदा राडा. त्यानं ते खांद्यावर टाकलं आन् रेघंच्या दिशेनं निघाला. वासरानं बारीक आवाजात एकदाच हाक मारली.

पवळीनं खुंटा उपटला.

दाव्यासकट, खुंट्यासकट ती निघाली. गोणपाटाचा पडदा शिंगात अडकून पाठीवर पसरला, झुलीसारखा. पुढं हवालदार, त्याच्या मागं गाय, गायीच्या मागं सुलाबाई, "अवो धरा, वली बाळंतीण हाय" म्हणत. ते ऐकलं आन् झुंबरच्यानं राहवलं नाय. त्यानं खुर्ची सोडली. खुर्ची मागं पडली, टक्क. बिल्ला छातीवर नाचतोय, धोतराचा सोगा हातात, झुंबरनं पळत जाऊन दावं धरलं. बायका मागं धावल्या, कुंकवाच्या कोयऱ्या हातात. पोरांनी पत्र्याचे डबे बडवले. गायीच्या कपाळाला हळदकुंकू, हवालदाराच्या खांद्यावरच्या वासराच्या कपाळाला हळदकुंकू. अशी ती समदी जत्रा शाळेच्या पुढनं निघाली आन् फक्कीच्या रेघंपाशी पोचली.

आन् बरोबर तिथं देवरामअण्णाची जीप येऊन थांबली.

अण्णानं खाली उतरून बघितलं. पुढं वासरू, मागं गाय, गायीवर झूल, पुढं डब्यांचा ताशा, आन् दावं धरून, छातीला अण्णाचा बिल्ला लावून, झुंबर.

"लई झ्याक," अण्णा म्हणला. "फुगे राहिले फक्त."

"अण्णा, ऐकून घ्या—"

"दावं गायीला व्हतं म्हणला व्हतास ना?" अण्णानं हात पुढं केला. झुंबरनं बिल्ला काढून दिला. पिन नीट निघंना, सदरा थोडा फाटला.

झुंबर मागं फिरला. सुलाबाईनं तवर काळूकडनं वासरू हिसकून घेऊन रेघंच्या पल्याड, बाभळीच्या सावलीत पवळीला लावलं व्हतं. तिथं दोघांनी मिळून त्याला चीक पाजला. झुंबर मत टाकायला गेला तो पार शेवटाला, बिनबिल्ल्याचा, रांगेत. आतली त्याची खुर्ची मोकळी व्हती. सावळीरामनं तिच्यावर पाय ठेवले व्हते.

दोनतीन दिस झुंबर पारावर गेला नाय. वस्तीत कुणी बोलंना. "राहू दे," सुलाबाई म्हणायची, "वासरू तर वाचलं." झुंबर म्हणायचा, "वासरू वाचलं, मी मेलो."

मंग निकाल लागला. गाय-वासरू पडलं. नाशिकात पडलं आन् पार दिल्लीतबी पडलं. मोजणीला गेलेला सावळीराम तोंड पाडून आला आन् दुकानाची फळी लावून बसला. तोच सांगायला लागला का बाभळेवाडीच्या मतांत गाय-वासराला कुणी हुंगलंबी नाय. आता हे झालं कसं? दर्शन घेऊन बायका आल्या, शिक्का कुठं गेला?

बयाबाईनं पारावर समद्यांदेखत सांगितलं. "मी तर गायीवरच मारणार व्हते. शिक्का हातात घेतला आन् खिडकीतनं बघते तर काय, सरकारचा पोलीस त्या वल्या पोराला आईच्या थानापासून तोडून खांद्यावर टाकून चाललाय! मी म्हणलं, यांनी दोन वर्सं माणसं अशी उचलून नेली, आता वासरंबी न्यायला लागले. दिला शिक्का दुसरीकडं. आन् माझ्या मागच्या समद्यांना सांगून आले."

त्याच दिवशी अण्णाची जीप वस्तीत शिरली. अण्णानं झुंबरला मिठी मारली. "काय डोकं लढवलंस, गड्या! मला येड्यालाच कळलं नाय."

आता इथं झुंबरनं खरं बोलायला पायजे व्हतं. गाय आपल्या मनानं व्याली, हुकूम साहेबाचा, आन् मी नुसता पळालो. पण वस्तीतली समदी माणसं गोळा झाली व्हती आन् परत त्या पयल्या नजरंनं बघत व्हती. झुंबरनं मिशीवरनं हात फिरवला.

"येळ साधावी लागती, अण्णा," तो म्हणला. "गायीची तारीख मीच ठरवली व्हती."

सुलाबाई दारातनं नुसती खाकरली.

अण्णानं शब्द पाळला, वस्तीत हातपंप आला. झुंबरची कीर्ती निफाडपातूर गेली. तो सांगत गेला आन् गोष्ट वाढत गेली. शेवटी शेवटी तर तो खुंटाबी रातीच ढिला करून ठेवला व्हता असं सांगायला लागला.

मंग आलं ऐंशीचं इलेक्शन. जानेवारीची थंडी. गाय-वासराची निशाणी गेली आन् आता हाताचा पंजा आला. पवळीला राजकारणातनं सुट्टी मिळाली. झुंबरनं धोतर धुतलं, खुर्चीचा आखूड पाय आठवून खिशात एक लाकडाची चकतीसुदीक ठेवली, आन् अण्णाची वाट बघत बसला.

अण्णा आला. बिल्ला काढला. आन् म्हणला, "झुंबर, तुझ्यासारखं डोकं आत कोंडून ठेवणं म्हंजी घोड्याला घाण्याला जुंपणं. खुर्चीत काय, कुणीबी बसंल. तू बाहेर राहा, मोकळा राहा, काय तरी लढव."

"मंग आत कोण?"

"जिनं हवालदाराला अडवलं ती. सुलाबाई."

झुंबरनं खिशातली चकती चाचपली. नाय तरी कसं म्हणावं? गोष्ट त्यानंच पिकवली व्हती.

इलेक्शनच्या दिवशी सुलाबाई इरकली लुगडं नेसून, बिल्ला लावून आत बसली. आखूड पायाखाली चकती घातली, नवऱ्याच्या खिशातनं काढून नेलेली. खुर्ची एकदाबी टक्क झाली नाय. दारातनं वस्तीतल्या बाया बघून गेल्या, तोंडाला पदर लावून, डोळ्यांत पाणी. झुंबर सकाळपासून बाहेर काय लढवावं याचा इचार करत फिरला. काय सुचंना. दुपारी भूक लागली, घरी गेला तर दाराला कुलूप, आन् किल्ली सुलाबाईच्या कनवटीला.

तो बुथाच्या दारात येऊन उभा राहिला. आत जायची सोय नाय. त्यानं बायकोकडं बघितलं आन् किल्ली कुठं हाय म्हणून हाताचा पंजा सरळ वर केला, पाची बोटं पसरून, आन् हलवला.

सुलाबाई ताडकन उठली.

"साहेब, तक्रार हाय. शंभर मीटरच्या आत निशाणी दाखवतायत."

नवे साहेब दचकले. "कोण?"

"ते. दारातलं."

"हा माणूस कुणाचा आहे?"

सुलाबाईनं आवंढा गिळला नाय का काय नाय. "माझाच," ती म्हणली.

काळू हवालदार आदीच उठला व्हता. त्यानं झुंबरच्या दंडाला धरलं आन् रेघंकडं चालवायला लागला. "चला झुंबरराव," तो म्हणला. "तुमाला उचलावं लागत नाय, तेवढं बरं हाय."